निशाणवाल्याचा चष्मा

लोक विचारतात, "डोळ्याला काय झालं?" मी सांगतो, "लेन्स." मग ते हसतात.

काविळीचं नाव काढलं तर माणसं चुकचुकतात, हार्टचं काढलं तर आवाज खाली आणतात. लेन्स म्हटलं की हसतात, कारण लेन्स म्हणजे नखरा. कांदा आणि ऊस करणारा, चाळिशी कधीच ओलांडलेला माणूस डोळ्यात लेन्स घालतो हेच त्यांना पचत नाही, मग त्या लेन्सनं त्याचा डोळा घालवला हे कुठून पचणार?

म्हणून हे लिहायला बसलो आहे. उजव्या डोळ्यात फूल पडलंय, तेव्हा डाव्याच्या भरवशावर लिहितोय. माझ्यासारखे पुष्कळ आहेत, हे मला दवाखान्यात कळलं. चाळिशी गेली, डोळ्यातलं पाणी आटलं, लेन्स टोचायला लागली, तरी काढत नाहीत. कुणाला चारचौघांत चष्मा नको असतो, कुणाची सवय सुटत नाही. त्यांनी वाचावं. सहानुभूती मात्र मागू नये. मला कुणी दिली नाही आणि माझ्याकडे शिल्लकही नाही.

निशाण

आमचं गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठावर. पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. चैत्रात गावची यात्रा भरते आणि यात्रेत बैलगाड्यांची शर्यत असते. आमच्याकडे सगळे गाडे एकदम पळत नाहीत. चढावर मातीचा ट्रॅक केलेला असतो, त्याला घाट म्हणतात. खालून एकेक गाडा सुटतो, वरच्या टोकाला चुन्याची रेघ असते. रेघेवर एक माणूस लाल निशाण वर धरून उभा राहतो. बैलांनी रेघ ओलांडली की तो निशाण खाली टाकतो आणि ते बघून घड्याळवाले घड्याळ दाबतात. एका गाड्याचं हे पळणं म्हणजे एक बारी. बारी काही सेकंदांची असते आणि नंबर सेकंदाच्या तुकड्यावर ठरतात. निशाण पापणी लवण्याइतकं उशिरा पडलं तर कुणाची तरी वर्षभराची बैलांची सेवा पाण्यात जाते.

तो निशाणवाला मी होतो. माझ्या आधी माझे वडील, आबा.

आबांना उतारवयात चष्मा लागला. एका यात्रेला ते चष्मा घालून रेघेवर उभे राहिले. त्या दिवशी किसनतात्यांचा गाडा थोडक्यात मागे पडला. तात्या आमच्या गावचे मोठे बागायतदार, सोसायटीवर कायम त्यांचंच पॅनल. ते गर्दीतून ओरडले, "आरं, चष्म्यातनं बगतंय त्ये! चष्मा पूस, चष्मा!"

सगळा घाट हसला. आबांनी मान खाली घातली. मी तिथंच, बांबूच्या कठड्याला टेकून उभा होतो. ती मान मी अजून विसरलेलो नाही.

पुढच्या यात्रेआधी कमिटीची माणसं घरी आली आणि निशाण माझ्या हातात दिलं. "घरातच ऱ्हायलं की, आबा," अध्यक्ष म्हणाले. आबांनी "व्हय" म्हटलं आणि ते गोठ्याकडे गेले. त्यानंतर ते कधी घाटावर आले नाहीत. चष्मा मात्र शेवटपर्यंत नाकावर होता. खळ्यात, देवळात, दवाखान्यात, घाट सोडून सगळीकडे.

आता मजा बघा. शाळेपासून मलाही चष्मा होता, आबांपेक्षा जाड. लग्न ठरल्यावर पुण्यात जाऊन लेन्स घेतल्या, तेव्हा गावाला वाटलं, नंबर गेला. "गेला का रं नंबर?" कुणी विचारलं की मी "गेला" म्हणायचो. निशाण हातात आल्यावर तर तोंडाला कुलूपच घातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

टोचणी

बरीच वर्षं काही झालं नाही. मग शर्यतीवर बंदी आली, निशाण गुंडाळून माळ्यावर गेलं. बंदी उठली आणि ते खाली काढलं तोवर माझी चाळिशी मागे पडली होती.

सुरुवात अशी झाली, की दुपारनंतर डोळ्यात बारीक रेती गेल्यासारखं वाटायचं. लेन्स फिरायची नाही, बुबुळाला चिकटून बसायची. संध्याकाळी काढताना वाळलेली खपली ओढावी तसं व्हायचं. मोटरसायकलवर वारा लागला की एक डोळा आपोआप मिटायचा. पंख्यासमोर जेवायला बसता येईना. आणि कांदा! कांदा साठवायच्या चाळीत कांदा निवडताना बायकांच्या डोळ्यांना धारा लागायच्या आणि माझा डोळा कोरडा ठणठणीत. मला तो तेव्हा फायदाच वाटला.

त्यात जवळचं दिसेना. औषधाच्या बाटलीवरचं वाचायला मी हात लांब करायचो, बाटली अजून लांब पाहिजे असायची.

"हात तोडून लांब ठिवा आता," शोभा म्हणाली. शोभा माझी बायको, खुटबावची. "म्हातारं झालाय तुमी, कबूल करा की."

कबूल करणाऱ्यातला मी नव्हेच. शेवटी तिचा भाऊ संजय मला दौंडला डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेला. मॅडमनी लेन्स काढायला लावल्या आणि पापणीच्या आत कागदाची एक बारीक पट्टी अडकवली. डोळे मिटून बसायचं, आतल्या पाण्यानं ती पट्टी भिजायला पाहिजे. थोड्या वेळानं त्यांनी ती काढून मला दाखवली. जवळजवळ कोरीच होती.

"तुमच्या डोळ्यात पाणीच तयार होत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "वय वाढलं की होतं असं. उन्हाळ्यात बोअर आटतो ना, तसं. लेन्स ओल्या डोळ्यावर तरंगायला हवी, तुमची घासतेय. लेन्स बंद करा. चष्मा घाला, हे थेंब टाका."

"यात्रा झाल्यावर बंद करतो."

"यात्रेचा आणि डोळ्याचा काय संबंध?"

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. "निदान एक लक्षात ठेवा. लेन्सला पाणी लावायचं नाही. नळाचं नाही, बोअरचं नाही, कुठलंच नाही."

मी नंदीबैलासारखी मान हलवली.

बाहेर आल्यावर संजय म्हणाला, "दाजी, चष्मा घालून निशान धरलं तर काय व्हतंय?"

"तू धरलंय का कधी निशान?"

"न्हाई."

"मग गप बस."

घरी शोभानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, "थेंब दिल्यात." खोटं नव्हतं. अर्धंच होतं.

भंडारा

यात्रेच्या दिवशी ऊन असं होतं की घाटावरची माती हाताला चटका देत होती. गाडा आला की धुरळा, धुरळा बसायच्या आत हळदीचा भंडारा, तो बसायच्या आत पुढचा गाडा. थेंबांची बाटली खिशात होती, पण निशाणवाल्यानं सगळ्यांसमोर डोळ्यात औषध टाकायचं कसं? दोन बाऱ्यांच्या मधे मी पाण्याच्या टँकरमागे जायचो, थेंब टाकायचो आणि तोंड पुसत परत यायचो. दुपार कलल्यावर थेंबही संपले.

फायनल तेवढी राहिली होती. तेवढ्यात कुणाच्या तरी गाड्याचा नंबर पुकारला आणि वरून कुणी ओंजळभर भंडारा उधळला. तो थेट माझ्या उजव्या डोळ्यात गेला. डोळ्यात हळद गेली तर झोंबते. लेन्सच्या खाली गेली तर काय होतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. मी टँकरमागे पळालो आणि हळदीनं माखलेल्या बोटांनीच लेन्स काढली. ती पिवळीजर्द झाली होती.

लेन्स धुवायचं औषध घरी. चष्मा घरी, कपाटात, शोभाच्या साड्यांमागे. माईकवरून माझ्या नावाचा पुकारा सुरू झाला, "बापू कुठंय? निशाणवाले, रेघेवर या!" माझ्यासमोर बैलांना पाणी पाजायला अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रम होता. बैल नुकतेच पिऊन गेले होते, पाण्यावर त्यांच्या तोंडाचा फेस होता. मी फेस बोटानं बाजूला केला, त्या पाण्यात लेन्स खळबळली आणि डोळ्यात घातली.

मॅडमचं "कुठलंच नाही" आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरी घातली.

फायनलला किसनतात्यांचा गाडा पहिला आला. निशाण अगदी वेळेवर पडलं होतं. तात्यांनी धावत येऊन मला मिठी मारली, कपाळाला भंडारा लावला आणि माईकवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "बापूचा डोळा म्हंजी घारीचा डोळा!"

तो घारीचा डोळा तेव्हापासूनच सडायला लागला होता.

घरचे वैद्य

दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. "डोळं आलं असत्याल," शोभा म्हणाली. शेजारणीनं गुलाबपाणी दिलं. चुलतीनं शेळीचं दूध सांगितलं. मेडिकलवाल्यानं स्वतःच्या मनानं एक बाटली दिली, त्यानं एक दिवस बरं वाटलं. वरची आग विझली होती, आतली वाढत होती.

मग उजेड सहन होईना. दिवा नको, मोबाईल नको, दारातून येणारी तिरीप नको. डोळ्यातून, कपाळातून, दाढेतून एकच कळ जायची. शोभाला मी सापडलो तो कडब्याच्या खोलीत, पेंढ्यांत तोंड खुपसून बसलेला. तिनं तिथूनच भावाला फोन लावला.

दौंडला मॅडमनी मशीनमधून डोळा बघितला.

"लेन्स पाण्यात धुतली का?"

"भंडारा गेला होता डोळ्यात."

"मी विचारलं, पाण्यात धुतली का?"

मी शोभाकडे बघितलं, मग जमिनीकडे. "बैलाच्या."

"बैलाच्या काय?"

"पाण्यात."

मॅडमनी चिठ्ठी लिहिली. पाण्यातला जंतू बुबुळात शिरला असणार, आजच्या आज पुण्याला ॲडमिट व्हा, म्हणाल्या. त्यांनी मला एका शब्दानं झापलं नाही. झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

संजयच्या गाडीतून निघालो. चौफुल्याला संजय डिझेल भरायला उतरला, तेव्हा शोभा बोलली. "पोरीनं वाटीभर दूध सांडलं तर तुमी दिवसभर बोलत बसता. आन् सोता बैलाच्या उष्ट्या पान्यात डोळा बुचकळून आला." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "आंधळं व्हा, पन चष्मा घालू नगा."

वॉर्ड

बुबुळ बधिर करून त्यावरचं खरवडून काढलं, तपासायला पाठवलं. बाकीचं सांगत बसत नाही. ते डॉक्टरांचं काम आहे, आणि मला आठवायचंही नाही.

वॉर्डातलं आयुष्य थेंबांवर चालायचं. तासातासाला सिस्टर यायची, फ्रिजमधली गार बाटली घेऊन. "डोळा उघडा, काका." उघडायचा कसा? पापणी सुजून पोळीएवढी झालेली. ती दोन बोटांनी फाकवायची, थेंब टाकायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. जरा डुलकी लागली की पुन्हा "काका, डोळा उघडा." झोप, जेवण, भेटायला येणारी माणसं, सगळं दोन थेंबांच्या मधे उरकायचं.

आणि भीती. मी सारखा डावा डोळा हातानं झाकून उजव्यानं खिडकी शोधायचो. सकाळी खिडकीच्या जागी दुधासारखं काहीतरी पांढरं असायचं. दुपारी बघितलं तरी तेच. औषधानं नाही भागलं तर बुबुळ बदलावं लागेल, असं डॉक्टर शिकाऊ पोरांना सांगत होते, मला नाही. मी झोपलोय असं त्यांना वाटलं होतं. त्या दिवशी मी खूप रडलो. डोळ्यात पाणी तयार होत नाही म्हणाल्या होत्या ना मॅडम? ते त्या दिवशी झालं.

आमच्या वॉर्डाच्या दाराशी व्हरांड्यात एक बाई बसायची. बीडकडची. पाटसच्या बाजूला ऊसतोडीला आली होती, तोडताना उसाचं पान सप्पकन डोळ्यावर बसलं. नवरा तिला सोडून परत फडावर गेला होता. तिनं एकदा मला विचारलं, "तुम्हाला काय लागलं, भाऊ?"

"भंडारा गेला."

"देवाचंच हाय मग," ती म्हणाली आणि हात जोडले. "देव वाईट न्हाई करनार."

तिचा डोळा पोटापायी गेला होता, माझा लाजेपायी. ते तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

घरची तऱ्हा वेगळीच. कांदा काढायला आला होता, पोरीची परीक्षा होती आणि शोभा माझ्या खाटेशी अडकलेली. संजयनं खुटबावचं स्वतःचं काम टाकून आमचा कांदा काढला. त्याला मी "गप बस" म्हणालो होतो, तो अजूनही त्याबद्दल गप्पच आहे. शोभा मात्र गप्प बसणारी नाही. एका दुपारी थेंब टाकता टाकता तिनं विचारलं, "डॉक्टरीनबाई लेन्स बंद करा म्हनली हुती. तुमी घरी येऊन काय म्हनला?"

"थेंब दिल्यात म्हणालो."

"का? मी काय शर्यत लावली हुती तुमच्याशी?"

तिनं बाटलीचं झाकण लावलं. बाहेरून उन्हाची तिरीप खाटेवर येत होती. ती उठली नाही, तिथंच बसून तिनं माझ्या डोळ्यावर तळहाताची सावली धरली आणि दुसऱ्या हातानं मोबाईलवर पोरीशी बोलत राहिली. बोलत होती ते माझ्याबद्दल होतं आणि गोड नव्हतं. हात मात्र हलला नाही. सगळ्या आजारपणात चांगलं म्हणावं असं मला तेवढंच आठवतं.

केळी

घरी सोडल्यावर भेटायला रीघ लागली. एके दिवशी किसनतात्या केळी घेऊन आले. खुर्चीत बसले, माझ्या डोळ्यावरची हिरवी पट्टी बघितली आणि च्यक् च्यक् केलं.

"येवढं कशापायी केलं बापू? सरळ चष्मा घालायचा की."

"चष्मा घालून निशान धरू दिलं असतं का तुमी?"

"का न्हाई?" त्यांना खरंच नवल वाटलं. "तुज्या डोळ्यात काच हाय हे समद्या घाटाला म्हाईत हुतं. तू टँकरमागं जायचा, मान वर करून थेंब टाकायचा. आमी बगायचो की. हसायचो."

मी विचारलं, "कवा बोलला न्हाई मग?"

"तुला वाईट वाटंल म्हनून."

शोभा चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मी म्हणालो, "तात्या, आबांना तुमी घाटावर वरडला हुता. चष्मा पूस म्हणून."

तात्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. नाटक नव्हतं, खरोखर केला. "मी? कवा?"

"तुमचा गाडा मागं पडला हुता तवा. त्याच्या पुढच्या वर्षी आबांचं निशान गेलं."

"म्हनलो आसंन," ते म्हणाले. "घाटावर मानूस काय बी बोलतंय. त्ये कोन ध्यानात ठिवतंय?"

मग त्यांनी माझ्यासाठी आणलेल्या फणीतलं एक केळ सोलून खाल्लं, चहा घेतला आणि "काळजी घ्या" म्हणून गेले.

ते गेल्यावर मला जो राग आला, त्याच्यापुढे डोळ्याची कळ काहीच नव्हती. राग तात्यांचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो इतकी वर्षं एका वाक्याला जपत बसलेल्या स्वतःच्या मूर्खपणाचा. आबांनी त्या वाक्यापायी घाट सोडला. मी त्या वाक्यापायी डोळा घालवला. आणि ज्यानं ते उच्चारलं त्याला ते केळ खाता खाता आठवलंही नाही.

फूल

डोळा राहिला. बुबुळ बदलावं लागलं नाही. पण मधोमध पांढरं फूल पडलंय. उजव्यानं बघितलं तर सगळं जुन्या प्लास्टिकच्या कागदातून बघितल्यासारखं दिसतं. माणूस आहे हे कळतं, कोण आहे ते कळत नाही. डावा चांगला आहे. चष्मा लावला की दौंडच्या मॅडमच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचतो.

तुम्हाला सांगायचं ते इतकंच. टोचायला लागली की ती लेन्स काढा, लगेच काढा. तिला पाण्याचा थेंब लागू देऊ नका, मग ते पाणी गंगेचं का असेना. लाल डोळ्यात मेडिकलवाल्याच्या मनाचं औषध टाकू नका. आणि चष्मा कपाटात साड्यांमागे नाही, खिशात ठेवा. हे शहाणपण कुठल्याही डॉक्टरकडे मिळतं. मी त्यासाठी डोळा मोजला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

रेघ

पुढच्या चैत्राआधी कमिटीची माणसं आली. "निशान तुमचंच," अध्यक्ष म्हणाले. दयेपोटी म्हणाले असतील. मी हो म्हणणार, तेवढ्यात शोभा आतून म्हणाली, "आदी बगू द्या आमाला."

दुसऱ्या दिवशी तिनं मळ्यात चुन्याची रेघ मारली. संजयला बोलावून मोटरसायकल पळवायला लावली आणि मला चष्मा लावून निशाण घेऊन उभं केलं. स्वतः मोबाईलवर शूटिंग घेत बसली. संजय कधी हळू आला, कधी भन्नाट आला, कधी उन्हाच्या अंगानं आला. मग उसाच्या बांधावर बसून तिनं एकेक शूटिंग थांबवून थांबवून तपासलं. एका डोळ्याच्या माणसापायी कुणाच्या बैलाचं नुकसान व्हायला नको, असं तिचं म्हणणं होतं.

"बरोबर पडतंय," ती शेवटी म्हणाली. "जावा."

यात्रेला मी चष्म्याला दोरी लावून रेघेवर उभा राहिलो. तात्यांनीच आधी येऊन पाठ थोपटली. "आसं पायजे! ह्यो आमचा बापू!"

दुपारी त्यांचा गाडा आला. बैल चांगले होते, पण घाटाच्या मध्यावर त्यातला एक आतल्या अंगाला ओढायला लागला आणि चाल मोडली. बैलांनी रेघ ओलांडली, मी निशाण टाकलं. माईकवरून वेळ पुकारली. तात्या थोडक्यात मागे होते.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला. "आरं, चष्म्यातनं बगतंय त्ये! चष्मा पूस, चष्मा!"

तोच आवाज, तेच शब्द. सगळा घाट हसला. मी बांबूच्या कठड्याकडे बघितलं. आज तिथं संजय उभा होता, आणि बायकांच्या बाजूला शोभा उठून उभी राहिली होती.

मी मान खाली घातली नाही. चष्मा काढला आणि हातातल्या निशाणाच्या टोकानं पुसला. दोन्ही काचा पुसल्या, फुलाच्या डोळ्यापुढचीसुद्धा. मग खिशातली बाटली काढली, सगळ्या घाटासमोर मान वर केली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. हसणं हळूहळू कमी झालं. मी चष्मा चढवला, निशाण उचललं आणि खाली हात केला, "पुढची बारी येऊ द्या."

तात्यांचा गाडा मागेच होता. त्यात शंका नाही. रेघेवर आले तेव्हा त्यांच्या बैलांच्या शिंगांना बांधलेले गोंडेसुद्धा मला दिसले. लेन्समधून ते मला कित्येक यात्रांत दिसले नव्हते.

त्या वर्षी आबांनाही ते असेच दिसले असणार.